हाताने लिहिलेले नाव : कलाजगतातील भेटपत्रांच्या रिवाजाचा आढावा

एखाद्या चित्रकाराच्या, गवयाच्या किंवा ग्रंथकाराच्या दारी जाणाऱ्या माणसाने आपले नाव आत कसे कळवावे, आणि त्या नावाबरोबर स्वतःचे आणखी काय पाठवावे, हा प्रश्न वरकरणी केवळ शिष्टाचाराचा वाटतो. परंतु कलावंत आणि त्याचा समाज यांच्यातील नात्याचा बराच मोठा भाग त्यात सामावलेला आहे. छापील भेटपत्र, ज्याला आज आपण सर्रास व्हिजिटिंग कार्ड म्हणतो, ते नावगाव सांगते आणि थांबते; हाताने लिहिलेले भेटपत्र नावगाव सांगून शिवाय अक्षराच्या वळणातून, शाईच्या गडदफिकटपणातून आणि कागदावर राखलेल्या कोऱ्या जागेतून लिहिणाराही समोर उभा करते. जिथे हात हेच मुख्य भांडवल, त्या कलेच्या व्यवहारात तर या दोहोंतील अंतर फारच ठळकपणे जाणवते. या रिवाजाचा माग दूरदेशांपासून आपल्या मराठवाड्यातल्या भूम तालुक्यापर्यंत घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि माझे मत आरंभीच नमूद करावयाचे तर ते असे की, हस्तलिखित भेटपत्राचे मोल त्याच्या देखणेपणात दुय्यम आहे, मुख्यतः ते एका माणसाने दुसऱ्या एकाच माणसाकरिता खर्च केलेल्या वेळात आहे, आणि हा खर्च आपल्याकडे कार्डावर क्वचित, परंतु अन्य नाना प्रकारच्या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला आहे.

या रिवाजाचा एक अतिशय जुना, हाती धरून पाहता येईल असा पुरावा चीनमधला आहे. १९८४ साली त्या देशातील मा-आनशान येथे तिसऱ्या शतकातील झू रान नामक सेनापतीची कबर उत्खननात सापडली, आणि तीत इतर चीजवस्तूंबरोबर लाकडाच्या अरुंद पट्ट्या मिळाल्या. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या त्या पट्ट्यांवर झू रानचे नाव, त्याचे गाव, दोनदा नमस्कार आणि समोरच्याच्या क्षेमकुशलाची पृच्छा असा मजकूर शाईने लिहिलेला आहे. सेनापतीच्या मुलाखतीचा हा सरंजाम त्याच्याबरोबर पुरला गेला, यावरून त्या काळी तो किती जिव्हाळ्याचा मानला जाई हे दिसते. पुढे कागद आला, पट्टीची जागा कागदी पत्राने घेतली, आणि कुंचल्याने लिहिण्याची कला चित्रकलेच्या बरोबरीची मानणाऱ्या त्या देशात नुसते नाव कसे लिहिले आहे यावरून लिहिणाऱ्याच्या विद्येची पारख होऊ लागली.

युरोपातील कथा निराळ्या वळणाची आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पॅरिस व लंडन येथील खानदानी घरांत भेटपत्राचा दस्तुर इतका काटेकोर झाला होता की, पत्राचा कोणता कोपरा दुमडला आहे यावरून गृहस्थ स्वतः दारापर्यंत आले होते की त्यांनी नोकराहाती पत्र धाडले, हे घरधनिणीला कळे; आणि छापील नावाखाली पेन्सिलीने लिहिलेल्या दोन-तीन फ्रेंच आद्याक्षरांवरून ते अभिनंदनास आले होते, सांत्वनास आले होते की गाव सोडण्यापूर्वी निरोप घ्यावयास आले होते, याचाही उलगडा होई. ही दोन-तीन अक्षरे मला फार महत्त्वाची वाटतात. पत्र छापलेले असे, शेकड्यांनी छापलेले असे. पण ज्या क्षणी त्याच्यावर हाताने दोन-तीन अक्षरे उमटत त्या क्षणी ते शेकड्यांतून निघून एकाचे होई. १८५४ मध्ये दिस्देरी नामक फ्रेंच छायाचित्रकाराने भेटपत्राच्या आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि नावाच्या जागी चेहराच देण्याची टूम निघाली. तथापि त्या छायाचित्राच्या पाठीवरही लोक हाताने चार शब्द लिहीतच राहिले.

अमेरिकेत तर याचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. प्लॅट रॉजर्स स्पेन्सर याने घालून दिलेल्या वळणदार रोमन लिपीचा तिकडे प्रसार झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलेखनकार टपालाने मागणी घेऊन गिऱ्हाइकाचे नाव डझनावारी कोऱ्या कार्डांवर स्वहस्ते लिहून पाठवीत. लुई मडारास (१८५९–१९१०) हा त्यांतला सर्वांत नामांकित. येथे एक गुंता निर्माण होतो, तो दृष्टीआड करू नये: हात आहे, पण तो नावाच्या धन्याचा नाही. मोल देऊन आणलेल्या अक्षरात आपुलकी कितपत उरते? माझ्या मते काही अंशी उरते, कारण त्या कार्डाला आपले अक्षर पुरे पडणार नाही, म्हणून ते अधिक चांगल्या हातून लिहवून घ्यावे, अशी समोरच्याविषयीची कदर त्यात असते. आपल्याकडेही घरातल्या ज्याचे अक्षर चांगले त्याच्याकडून लग्नपत्रिकेवरची नावे लिहवून घेतात ती याच भावनेने.

कलावंतांनी मात्र हा शिष्टाचार आपल्या पद्धतीने वाकवला. व्हिसलर या चित्रकाराने आपल्या नावाच्या आद्याक्षरांचे रूपांतर करीत करीत एक फुलपाखरू सिद्ध केले आणि चित्रांवर तसेच पत्रांवरही सहीच्या ऐवजी तेच काढावयास आरंभ केला. कवी मालार्मे याने तर पाकिटावरचा पत्ताच चार चरणांच्या पद्यात लिहिण्याचा छंद धरला. व्हिसलर, देगा, मोने, रनुआर अशा चित्रकार मित्रांची नावे, रस्ते आणि घरनंबर यमकांत गुंफलेली ती पाकिटे टपालवाल्यांनी नेमकी पोचवली. पण याच रिवाजाची काळी बाजूही त्याच काळातली आहे. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी या उमरावाने लंडनच्या आल्बेमार्ल क्लबात ऑस्कर वाइल्ड या लेखकासाठी आपले छापील भेटपत्र ठेवले आणि त्यावर स्वहस्ते एक अपमानकारक ओळ खरडली. वाइल्डने बदनामीची फिर्याद केली, ती त्याच्यावरच उलटली, आणि मे महिन्यात त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ते पत्र खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाले आणि आजही ब्रिटनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे. छापील नावाजवळच्या हस्तलिखित ओळीचे वजन किती असते, याचा याहून दारुण दाखला मला ठाऊक नाही.

आता स्वदेशाकडे वळू. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाचे नाव आत नेणारी वस्तू कागद नसून बहुधा माणूसच असे. दरबारात चोपदार वर्दी देई, वाड्यावर पहारेकरी, आणि साध्या घरी अंगणातूनच दिलेली हाक. भेटीस रिक्त हस्ते जाऊ नये हा संकेत असल्यामुळे नजराण्यापासून नारळापर्यंत काहीतरी वस्तू हातात असे, आणि ती वस्तूच भेटपत्राचे काम करी. कलेच्या व्यवहारात तर आजतागायत सुपारी हीच खरी सनद आहे: गोंधळ घालावयाचा असो, वाजंत्री ठरवावयाची असो की तमाशाचा फड बोलवावयाचा असो, सुपारी दिली म्हणजे बोली पक्की झाली आणि बिदागीचा आकडा ठरला. कीर्तनकाराकडे सप्ताहाची तारीख घ्यावयास जाणारे गावकरी नारळ घेऊन जातात, आणि महाराज आपल्या रोजनिशीत गावाचे नाव स्वहस्ते लिहितात. ती नोंद हाच उभयतांमधील करार.

लेखी बाजू पाहू गेल्यास मराठी पत्रव्यवहाराचा मायना हा भेटपत्राच्या शिष्टाचारापेक्षा तसूभरही कमी काटेकोर नव्हता. वर ‘श्री’, मग पत्र ज्याला जावयाचे त्याच्या पदवीप्रमाणे ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, ‘राजमान्य राजश्री’ किंवा ‘तीर्थस्वरूप’, मग पाठवणाऱ्याचे नाते आणि नमस्कार अथवा आशीर्वाद, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि मोर्तब. यांतील एक पायरी चुकली तरी मानापमानाचा प्रसंग ओढवे. बोरूने मोडीत लिहिलेली ही पत्रे बहुतेक कारकुनाच्या हातची असत. म्हणूनच पत्राच्या अखेरीस धन्याने स्वदस्तुरच्या दोन ओळी घातल्या म्हणजे त्या पत्राचा दर्जाच पालटे; मजकूर कारकुनाचा राहिला तरी जिव्हाळा धन्याचा ठरे. पॅरिसमधील छापील कार्डावरची पेन्सिलीची दोन-तीन अक्षरे आणि पेशवाईतील पत्राखालच्या स्वदस्तुरच्या ओळी ही दोन दूरच्या समाजांत एकाच गरजेतून निपजलेली भावंडे आहेत, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळांसाठी सिद्ध केलेल्या कागदावर एकाकरिता हात उमटावा, ही ती गरज.

या गरजेचे भारतातील सर्वांत कलापूर्ण रूप मात्र दरबारी पत्रांत सापडत नाही, ते जैन समाजाच्या विज्ञप्तिपत्रांत सापडते. पश्चिम भारतातील श्वेतांबर संघ एखाद्या आचार्यांना आपल्या गावी चातुर्मासास येण्याची विनंती करताना, किंवा वार्षिक क्षमापना कळवताना, कागदाची लांबच लांब गुंडाळी सिद्ध करी. तिच्यात मंगलचिन्हे, मंदिरे, बाजारपेठ, मिरवणुका, म्हणजे आमंत्रण देणाऱ्या गावाचे चित्ररूप दर्शन रंगवलेले असे आणि चित्रांच्या शेवटी विनंतीचा मजकूर व श्रावकांची नावे लिहिलेली असत. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र जहांगीराच्या पदरचा चित्रकार उस्ताद शालिवाहन याने रंगवले, आणि त्यात बादशहाचा दरबारही चितारला आहे. पाहुण्याने यावे म्हणून आपले गावच कागदावर उतरवून त्याच्याकडे धाडावे, ही कल्पना मला अत्यंत उदात्त वाटते. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबरांचे सिद्धक्षेत्र असल्याने विज्ञप्तिपत्राची ही परंपरा तेथली म्हणता येणार नाही. तथापि देशभूषण व कुलभूषण या मुनींच्या स्मृतीने पुनीत झालेल्या आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतलेल्या त्या डोंगरावर देशभरातून यात्रेकरू येत असल्याने, आमंत्रण आणि आगमन यांचा संस्कार या मुलुखाला परका नाही.

हाताने लिहिण्याचा संस्कार शिळेतही कोरला गेला आहे. काही चालुक्यकालीन मंदिरांच्या बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींत हाती लेखणी घेतलेली एक स्त्री असते. भूमप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या बीदर जिल्ह्यातील जलसंगी येथील मूर्ती तर सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा लेख प्रत्यक्ष लिहिताना दाखवली आहे. अशा शिल्पकलेचा वारसा भूम तालुक्यालाही आहे: माणकेश्वर येथे शिवाचे प्राचीन, शिल्पसमृद्ध मंदिर आहे. ज्या हातांनी लेखनाच्या कृतीला असे सौंदर्य दिले, त्यांनी लिहिले ते राजाचे नाव. स्वतःचे नाव मागे ठेवण्याची चैन आपल्याकडच्या बहुतेक कारागिरांना फार उशिरा लाभली.

ती लाभली ती मुद्रणयुगात, आणि येथे मराठवाड्याची स्थिती पुण्यामुंबईहून भिन्न होती हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, १८५७ मध्ये पुढे सर जे. जे. या नावाने विख्यात झालेली कलाशाळा सुरू झाली, १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी खिळ्यांना देखणे रूप दिले, आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन होऊन चित्रप्रदर्शनांचा व त्यांबरोबर निमंत्रणपत्रिकांचा प्रघात पडला. भूम मात्र निजामाच्या अमलाखाली होते. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसी जाऊन उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली, गावचे दप्तर मोडीत चाले, आणि १८९७ साली बार्शीस छोटी रेल्वे आली तरी भूमहून बार्शीला जाणारे पत्र हे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे पत्र होते. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत बसवणे दुर्घट, म्हणून ती कातिब, म्हणजे लेखनिक, हाताने लिही आणि दगडावरून तिचे छाप निघत. मोडीचीही गत फारशी निराळी नव्हती. परिणामी या मुलुखात दीर्घकाळ छापील म्हणून जे कागद हाती येत, त्यांतले पुष्कळसे वस्तुतः कोणाच्या तरी हस्ताक्षराच्याच प्रती असत. छापील आणि हस्तलिखित यांच्यातली जी रेषा युरोपात ठळक होती, ती येथे पुसट राहिली. आणि म्हणूनच, मला वाटते, अक्षर वळणदार असणाऱ्या माणसाचा मान येथे अधिक काळ टिकला.

विसाव्या शतकात मराठी कलाजगताने भेटपत्राची जागा भरून काढली ती तीन गोष्टींनी. पहिली म्हणजे सही. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखा जे. जे.मध्ये एकेचाळीस वर्षे घालवलेला चित्रकार पोस्टकार्डांसाठी व पुस्तकांसाठी चित्रे काढी, आणि त्याची सही चित्राबरोबर घरोघरी जाई. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या सह्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून तालुक्यातालुक्यांत पोचल्या. जिथे चित्रप्रदर्शन कधी भरले नाही अशा गावांतही, मजकुराआधी चित्राच्या कोपऱ्यातली सही पाहून ‘हे दलालांचे’ असे सांगणारी माणसे निर्माण झाली. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्याहून मुंबईस गेलेले एस. एम. पंडित यांची सहीही त्याच पंक्तीची. ही सही म्हणजे न भेटलेल्या लाखो रसिकांना चित्रकाराने दिलेले भेटपत्रच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वाक्षरीची वही. व्याख्यानास, संमेलनास किंवा नाटकास आलेल्या थोरामोठ्यांसमोर शाळकरी मुलाने ती वही धरावयाची आणि त्यांनी सहीवर एका ओळीचा संदेश लिहून द्यावयाचा, हा प्रघात शतकाच्या मध्यास सर्वदूर होता. युरोपीय रिवाजात लहान माणूस मोठ्याच्या दारी आपले नाव ठेवून परते. येथे तो मोठ्याचे नाव घेऊन घरी जाई. या उलट्या ओघाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. संक्रांतीस रंगीत कागदावर हाताने लिहिलेली शुभेच्छापत्रे, ज्यांच्या पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेले असत, हा याच कुळातला प्रघात होय.

तिसरी गोष्ट पत्र. धारवाडला राहणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) हे समारंभांपासून दूर राहत, लोकांना क्वचितच भेटत, स्वतः चित्रे काढीत, आणि मित्रांशी त्यांचा जो काही सहवास घडे तो मुख्यतः पत्रांतून घडे. त्यांच्या पत्रांचे खंड निघाले, सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि मराठी वाचकाला कळून चुकले की भेट टाळणाऱ्या माणसाचे हस्ताक्षर हीच कधी कधी त्याची सर्वांत दीर्घ भेट असते. सय्यद हैदर रझा फ्रान्सला गेल्यावर त्यांच्या आणि मुंबईकर चित्रकार मित्रांच्या पत्रव्यवहाराचेही पुढे पुस्तक झाले. प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारसमूहातील या मंडळींचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला छापील सूचिपत्रांइतकाच या चिठ्ठ्याचपाट्यांचा आधार घ्यावा लागतो.

१९५२ साली मुंबईत जहांगीर कलादालन उघडले आणि चित्रप्रदर्शनाच्या मेजावर अभिप्रायवही ठेवण्याची रीत रूढ झाली. आलेल्या माणसाने चित्रे पाहावीत, वहीत चार शब्द लिहून खाली नाव-पत्ता द्यावा, वाटल्यास शेजारच्या तबकात आपले कार्ड ठेवावे. चित्रकार सायंकाळी दालन बंद झाल्यावर ती वही वाचतो, त्यातल्या पत्त्यांवर पुढील प्रदर्शनाची पत्रिका धाडतो, आणि ज्याने मनापासून लिहिले त्याच्या पत्रिकेवर ‘अवश्य यावे’ एवढे दोन शब्द स्वहस्ते घालतो. तबकातली कार्डे कालांतराने गहाळ होतात, पण वही पुष्कळ चित्रकार जन्मभर सांभाळतात. यातच दोहोंच्या योग्यतेचा निवाडा आहे. परदेशात अलीकडच्या काळात भेटपत्रालाच कलाकृती करण्याचे प्रयोग झाले. एड्रियन पायपर या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावतीने १९८६ पासून, समोर कोणी वंशद्वेषी शेरा मारल्यास त्याच्या हाती मुकाट्याने ठेवावयाची कार्डे छापून घेतली. त्या प्रयोगाचे नैतिक बळ निर्विवाद आहे, आणि ती कार्डे छापील असणे हेही तेथे सार्थच आहे, कारण तो अपमान तिला एकदा नव्हे, वारंवार सोसावा लागे, आणि वारंवारतेला छापा शोभतो.

अक्षरकलेच्या बाजूने पाहता महाराष्ट्राची कामगिरी नाव घेण्याजोगी आहे. मूळ बोरूच्या गतीचा अभ्यास करणारे र. कृ. जोशी, ज्यांच्या हातून संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक सिद्ध झाला, नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षके ज्यांच्या अक्षरांनी ओळखली जाऊ लागली ते कमल शेडगे, जे. जे.मधून बाहेर पडल्यावर मोडी लिपीचा पाठपुरावा करून तिच्यातून स्वतःची मुक्तलिपी घडवणारे अच्युत पालव. या मंडळींनी हस्ताक्षराला शाळेतल्या कित्त्यातून काढून कलादालनात बसवले. त्यांचे ऋण मानूनही एक खंत व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. सुलेखन जसजसे चौकटीत जाऊन भिंतीवर विराजमान झाले, तसतसे ते रोजच्या कागदावरून उठले. देखण्या अक्षराची प्रशंसा वाढली, पण देखण्या अक्षरात कोणाला चार ओळी लिहाव्यात ही सवय ओसरली.

आणि म्हणून भूमसारख्या गावाकडे वळणे मला अगत्याचे वाटते. बाणगंगेच्या काठचे, आलमप्रभूंच्या देवस्थानाचे आणि खव्याच्या व्यापाराकरिता नावाजलेले हे तालुक्याचे गाव. येथील कलाव्यवहार कलादालनावर अवलंबून नाही. तो शाळेच्या चित्रकला शिक्षकावर, गणेशमूर्ती घडवणाऱ्यावर, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरवर, भजनी मंडळावर, गोंधळ्यावर आणि हलगी-सनईवाल्यांवर उभा आहे. शासनाच्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांत भूमितीबरोबर अक्षरलेखनही असते. तालुक्यातील मुलामुलींच्या आयुष्यात अक्षराकडे एक आकार म्हणून पाहण्याचा प्रसंग बहुधा तेथेच प्रथम येतो. तो शिकवणारा शिक्षक वर्षभर गावाचा अक्षरलेखक असतो: शाळेच्या हस्तलिखित अंकाचे मुखपृष्ठ त्याचे, प्रजासत्ताकदिनाच्या फळ्यावरची सजावट त्याची, गुणगौरवाच्या प्रमाणपत्रांवरची नावे त्याची, आणि लग्नसराईत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पत्रिकांवरची नावेही पुष्कळदा त्याचीच.

लग्नपत्रिका हेच या भागातील खरे भेटपत्र होय. पहिली गणपतीपुढे ठेवतात, कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, आणि मग घरोघरी जाऊन ती अक्षतांसह हाती देतात. मजकूर हजार प्रतींत तोच. पण पाकिटावरचे नाव आणि त्यापुढचे ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे हाताने लिहिलेले, आणि त्या हस्तलिखित ओळीवरच सारा मान अवलंबून. नाव चुकले, वडीलधाऱ्याऐवजी धाकट्याचे आले, ‘सहकुटुंब’ राहून गेले, किंवा पत्रिका घरी आणून न देता रस्त्यात हाती टेकवली, तर त्याचे रुसवे वर्षानुवर्षे चालतात. शहरी माणसाला हा अट्टाहास वाटेल. मला तो या रिवाजाचा गाभा कळल्याचे लक्षण वाटतो: छापलेला कागद सर्वांचा, त्यावर लिहिलेले नाव माझे, आणि ते घेऊन आलेली पावले माझ्या दारापर्यंत आलेली. आता पत्रिका भ्रमणध्वनीवर येते, तीत नाव नसतेच, आणि आणणारा कोणीही नसतो.

परंतु येथे छापील कार्डाच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रांजळपणे म्हटले पाहिजे. तालुक्यातील हलगीवाला, बँडवाला किंवा गोंधळी यांच्याकडे आज छापील कार्ड असते, वर संबळाचे वा सनईचे चित्र, खाली नाव आणि दूरध्वनी क्रमांक. त्याच्या आजोबाला मध्यस्थाच्या शिफारशीवाचून सुपारी मिळत नसे, आणि बिदागीतला वाटा त्या मध्यस्थाकडे जाई. ज्याचे नाव शतकानुशतके जातीवरून किंवा वाद्यावरून घेतले गेले, त्याने आपले पूर्ण नाव छापून ते अनोळखी माणसाच्या हाती स्वतः ठेवणे, ही सामाजिक दृष्ट्या फार मोठी गोष्ट आहे. तिच्यापुढे हस्ताक्षराच्या सौंदर्याच्या गप्पा थिट्या पडतात. हस्तलिखित भेटपत्राचा रिवाज, विलायतेत आणि आपल्याकडेही, ज्यांना लिहिता येत होते आणि ज्यांच्या दाराशी वर्दी देणारा नोकर होता त्यांचा होता, हे विसरून त्याचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. म्हणून मी छापील कार्ड टाकून द्या असे म्हणणार नाही. त्या कार्डाच्या मागची कोरी बाजू वापरा, एवढेच सांगेन. सप्ताहाच्या आयोजकाला दिलेल्या कार्डामागे ‘अमुक वारी येतो’ असे वादकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. आणि आयोजकानेही बिदागीच्या पाकिटावर त्याचे पूर्ण नाव, आदरार्थी, स्वच्छ अक्षरात घालावे. हलगीवाल्याच्या पाकिटावर ‘श्री.’ लावून नाव लिहिले जाणे, हा मायन्याच्या इतिहासातला एक नवा टप्पा ठरेल.

पेंटरांचा प्रश्न मात्र याहून बिकट आहे. संगणकावर छापलेले फ्लेक्स आल्यापासून दुकानाची पाटी, मंडळाचा फलक, यात्रेची कमान यांवरून रंगवलेले अक्षर हटले, आणि या अक्षरांवर ज्यांची पोटे भरत त्यांच्यापैकी पुष्कळांना दुसरा उद्योग धरावा लागला. त्यांच्या हातातले वळण कोणत्याही कलाशाळेच्या अभ्यासक्रमात नोंदलेले नाही. जुन्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अमुक पेंटर, भूम’ अशी जी सही असे, ती दलाल-मुळगावकरांच्या सहीचीच ग्रामीण भावकी होती, आणि या तालुक्यातील कलेचा इतिहास कोणी लिहावयास घेतल्यास त्याचे पहिले साधन त्या सह्याच ठरतील.

साधनांचा विषय निघाला म्हणून एक सूचना करतो. याच जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांत, पांढरीत आणि नदीकाठी मिळणाऱ्या प्राचीन वस्तू एकट्याच्या हिकमतीने जमवल्या, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. त्यांनी जे मातीच्या मूर्तींसाठी केले ते कागदासाठी करणे भूममध्ये तितके खर्चाचे नाही. शाळांचे हस्तलिखित अंक, यात्रा व सप्ताहांच्या हाताने लिहिलेल्या पत्रिका, मोडीतील खाजगी पत्रे, निजामी अमदानीतील उर्दू शिळाछापाचे कागद, स्वाक्षरीच्या वह्या, संक्रांतीची शुभेच्छापत्रे, आणि ज्यांवर नावे सुरेख लिहिली आहेत अशी लग्नपत्रिकांची पाकिटे, हे सारे घराघरांत ट्रंकेच्या तळाशी पडून आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातले थोडे रद्दीत जाते. प्रत्येक कागदामागे तो कोणी कोणाला, कोणत्या निमित्ताने लिहिला, आणि अक्षर कोणाच्या हातचे, एवढी नोंद पेन्सिलीने करून ते एखाद्या शाळेच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात, कोरड्या जागी, तारीखवार लावून ठेवता येतील. हे काम चित्रकला शिक्षकांनी इंटरमीजिएटच्या वर्गातील मुलांकडून सुट्टीत करवून घ्यावे, कारण अक्षर पाहावयास ज्यांना शिकवले आहे त्यांनाच अक्षरावरून हात ओळखता येईल. आणि आरंभ गावातील ज्येष्ठांकडून मोडी व उर्दू कागद वाचवून घेण्यापासून करावा, कारण त्या दोन लिप्या वाचू शकणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.